दप्तरातली माणसे : वाचकांचे प्रश्न

सरकारी कागदपत्रांत सापडणाऱ्या सामान्य माणसांची छोटी चरित्रे कशी लिहावीत, या विषयावरील मागील लेखानंतर सोलापूर शहर व जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे आजोबा साखर पेठेत हातमागावर काम करीत. १९३० च्या मार्शल लॉमध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी विजापूरच्या तुरुंगात भोगली, असे आमच्या घरात सांगितले जाते. ते १९५८ साली वारले. स्वातंत्र्यसैनिकांच्या छापील चरित्रकोशात त्यांचे नाव नाही. त्यांची नोंद कोठे मिळेल आणि चरित्र कसे लिहावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कोशात नाव नाही म्हणून कैद झाली नाही, असा निष्कर्ष काढू नये. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी हजारो लोकांनी तुरुंगाचे दाखले काढले आणि सहकैद्यांची प्रमाणपत्रे गोळा केली, त्यामुळे त्यांची नावे पुन्हा एकदा कागदावर आली. आपले आजोबा १९५८ मध्येच गेल्याने त्यांना आपली कैद कोणापुढे सिद्ध करण्याची वेळच आली नाही. आता ते काम नातवाला करावे लागत आहे, एवढाच याचा अर्थ.

आधी घटनाक्रम नक्की करून घ्यावा, कारण १९३० च्या सोलापुरात तारखेला फार महत्त्व आहे. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. त्याच दिवशी मंगळवार पेठेतले पोलीस ठाणे जळाले आणि न्यायालयाच्या इमारतीलाही आग लावण्यात आली. पुढचे जे दिवस सोलापूरकर आजही ‘चार दिवसांचे स्वातंत्र्य’ म्हणून सांगतात, त्यांचा शेवट १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला जाऊन झाला आणि तो कायदा जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या मागे लहानमोठ्या शिक्षा भोगलेल्या माणसांची जी रांग उभी आहे, तिच्याकडे अजून कोणी नीट पाहिलेले नाही. आजोबांची अटक १२ मे ते ३० जून या काळातली असेल, तर त्यांचा निवाडा बहुधा लष्करी कायद्याखालच्या न्यायालयात झाला असेल. ती जुलैनंतरची असेल, तर कागद नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दप्तरात शोधावा लागेल. हा एक फरक लक्षात न घेतल्याने वर्ष-दीड वर्ष चुकीची बस्ते उलथणारे अभ्यासक मी पाहिले आहेत.

त्या काळातील गृह विभागाच्या, विशेषतः ‘गृह (विशेष)’ शाखेच्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. त्या इंग्रजीत असल्याने सूचीत ‘सोलापूर’ शोधून काही हाती लागत नाही, कारण इंग्रज कारकून शहराचे नाव ‘शोलापूर’ असे लिहीत. विजापूरच्या तुरुंगाची गोष्ट आणखी निराळी आहे. १९३० मध्ये विजापूर मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. आजोबांना सोलापुरात पकडले गेले, शिक्षा मुंबई इलाख्याने दिली आणि तिचा कागद आज दुसऱ्या राज्याच्या ताब्यात असू शकतो. म्हणून अर्ज दोन्हीकडे करावा. अर्जात नावाबरोबर वडिलांचे नाव, पेठ, व्यवसाय आणि अंदाजे वय अवश्य द्यावे, कारण नुसत्या नावावर कोणीही रजिस्टर उघडून पाहत नाही.

तुरुंगाचे रजिस्टर हाती आले, तर ते बारकाईने वाचावे. एका विणकराची अशी नोंद मी फार वर्षांपूर्वी पाहिली होती. जात, वय, उंची, दाखल झाल्याची तारीख, कलम, शिक्षा असे रकाने होते. ‘ओळखीची खूण’ या रकान्यात डाव्या तर्जनीवर जुना व्रण आणि उजव्या भुवईजवळ तीळ असल्याचे लिहिले होते. बोटावरचा तो व्रण मागावर काम करताना झाला असावा, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. पण रजिस्टरात तसे लिहिलेले नसल्याने माझ्या टिपणात मी फक्त ‘व्रण’ एवढेच लिहिले. चरित्र लिहिताना हा संयम सांभाळावा लागतो.

‘सहा महिने’ या आकड्याबाबतही थोडी सावधगिरी बाळगावी. १९७२ च्या योजनेत सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांच्या कैदेची अट होती, त्यामुळे पुढे अनेक घरांत मूळ शिक्षा कितीही असली तरी सांगताना ‘सहा महिने’च सांगितली जाऊ लागली. आपल्या घरी तसे झाले असेलच असे नाही. परंतु मूळ शिक्षा चार महिने सक्तमजुरी व दंड आणि दंड न भरल्यास आणखी दोन महिने अशी असणेही शक्य आहे. दंड भरला गेला का, तो कोणी भरला, सुटका मुदतीआधी झाली का, हे कळले तर तेवढ्यावरून घरची स्थिती पुष्कळ समजते.

आता लिखाणाविषयी. नोंद मिळाल्यावर मी साधारण अशी सुरुवात करीन : ‘जन्म सुमारे १९०६ (तुरुंगाच्या नोंदीत १९३० मध्ये वय २४). विणकर, साखर पेठ. जून १९३० मध्ये अटक. शिक्षा व तुरुंग नोंदीप्रमाणे अमुक. कुटुंबातील आठवणीप्रमाणे सुटकेनंतर दोन वर्षे त्यांना माग मिळाला नाही.’ यात नोंदीतले काय आणि आठवणीतले काय, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘देशासाठी सर्वस्वाचा होम केला’ अशा धाटणीचे वाक्य मात्र गाळावे; त्यातून ना आजोबा कळतात ना देश.

प्रश्न : आमच्या पूर्वजांची भाषा तेलुगू. एकाच माणसाचे नाव गिरणीच्या कागदात, शाळेच्या दाखल्यात आणि नगरपालिकेच्या नोंदीत तीन प्रकारे आढळते. ही तीन माणसे समजावीत की एक? (एक वाचक, अशोक चौक परिसर)

उत्तर : सोलापुरात हा प्रश्न पडणारच. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक एका गल्लीत राहतात आणि नोंद करणाऱ्या कारकुनाला यांपैकी दोनच भाषा समजत असत. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी सांगतो. मराठी कारकून तेच व्यक्तीचे नाव समजून पहिल्या रकान्यात टाकतो आणि वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते. कन्नड नावातील ‘अप्पा’ कधी चिकटून येतो, तर कधी गळून पडतो. लिंगायत घरांतील कित्येक आडनावे इंग्रजी कागदात ‘टी’ने संपतात, मराठीत ‘ट्टी’ने.

म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे म्हणण्यासाठी नावाशिवाय किमान दोन गोष्टी जुळाव्यात, असा माझा नियम आहे. वडिलांचे नाव आणि राहण्याची जागा जुळली तर मी ते मान्य करतो. नाव आणि व्यवसाय एवढेच जुळले तर नाही, कारण एका पेठेत एकाच नावाचे तीन विणकर असणे सोलापुरात अगदी स्वाभाविक आहे. चरित्राच्या सुरुवातीलाच तिन्ही रूपे जशीच्या तशी द्यावीत. पुढे कोणी शोधणारा आला, तर त्याला त्यांपैकी कोणत्याही एका रूपावरून आपल्या टिपणापर्यंत पोहोचता येईल.

नाव बदलले म्हणून माणूस हरवत नाही, याचे मोठे उदाहरण याच शहरातले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. चिनी कागदपत्रांत ते ‘के दीहुआ’ आहेत. ‘कोटणीस’ हा शब्द घेऊन तेथील दप्तर शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

प्रश्न : एका नोंदीत वय ३०, दुसरीत त्याच वर्षी ३५ दिले आहे. कोणते खरे?

उत्तर : बहुधा दोन्ही अंदाजच. जन्मतारीख घरात लिहून ठेवण्याची पद्धत नसल्याने कारकून चेहरा पाहून वय टाकी, आणि पाचाने भाग जाणारे आकडे त्याला विशेष प्रिय असत. गावची नोंद हवी असेल तर तहसील कार्यालयातले जुने कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना क्रमांक १४, पाहावे. मृत्यूचे वर्ष ठरवायला वारसनोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांचे नाव लागल्याची नोंद, उपयोगी पडतो. मात्र ती नोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही झालेली असते, हे विसरू नये. महसुली दप्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षांनी आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभरानेच काढून टाकतात. त्यामुळे काही कागद सापडत नाहीत यात कोणाचा दोष असतोच असे नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यात मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आहे. एका जाणकारांनी वाचून सांगितले की ती इनामाची ‘कैफियत’ असून तीत सात पिढ्यांची माहिती आहे. ती जशीच्या तशी चरित्र म्हणून छापावी का? (एक वाचक, माढा तालुका)

उत्तर : छापावी, परंतु ती चरित्र म्हणून छापू नये. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले, आणि ज्याला आपले इनाम वाचवायचे होते त्याला ते कोणी, केव्हा, कशाबद्दल दिले हे सांगावे लागले. कैफियत म्हणजे अशा चौकशीत दिलेले निवेदन. साहजिकच तीत मूळ पुरुष पराक्रमी असतो, सनद जुन्या राजवटीची असते आणि मधल्या पिढीत ती ‘दंग्यात गहाळ’ झालेली असते. तो खोटेपणाच असतो असे नाही. पण जमीन जाण्याची भीती समोर असताना सांगितलेली ती हकिकत आहे.

तिची उलटतपासणी पुण्याच्या पेशवे दप्तरात करता येते. गावचे नाव, परगणा आणि इनामाचा प्रकार सांगितल्यास तेथील रुमालांमधून त्या गावाचे हिशेब काढता येतात. हिशेब लिहिणाऱ्याला आपल्या पूर्वजांची थोरवी सांगायची नव्हती, त्यामुळे त्याने लिहिलेली ‘अमुक यास सालाबादप्रमाणे’ ही एक ओळ कैफियतीच्या दोन पानांहून वजनदार ठरते. सात पिढ्यांपैकी हिशेबांत जेवढ्या सापडतील, तेवढ्यांचीच चरित्रे लिहावीत. उरलेल्यांची वंशावळ ‘कैफियतीप्रमाणे’ अशी टीप देऊन जोडावी. अक्कलकोटच्या बाजूचे वाचक अशाच शोधात असतील, तर अक्कलकोट हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते, म्हणून त्याचे दप्तरही वेगळे आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : माझी पणजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये राहत होती. तिच्याबद्दलचा जो एकमेव सरकारी कागद मिळाला आहे, त्यात तिचे नाव, नवऱ्याचे नाव, जमात आणि हजेरी एवढेच आहे. घरातले लोक म्हणतात, हा कागद बाहेर काढू नकोस. यावरून चरित्र लिहिणे योग्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या घरातल्यांचा संकोच मला समजतो आणि अंतिम निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्यावा. माझे मत विचाराल तर लिहावे, मात्र कागद कोणत्या हाताने लिहिला गेला हे पहिल्याच परिच्छेदात सांगून लिहावे.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याखाली माणूस गुन्हा केल्यामुळे नव्हे, तर एखाद्या जमातीत जन्मल्यामुळे ‘नोंदलेला’ ठरे. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या वस्तीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवण्यात आली. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, आणि त्याच माणसांनी शहरातल्या कापड गिरण्यांत पाळीवर कामही करायचे, अशी ती व्यवस्था होती. देशभर हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून आज या समाजांना विमुक्त म्हणतात.

आपल्या पणजींची नोंद ज्या कारकुनाने केली, त्याला त्यांच्याविषयी फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती : त्या कुंपणाच्या आत आहेत की नाहीत. त्या गात होत्या का, किती मुले जगली, गिरणीत वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होत्या की आणखी कुठे, हे त्याने विचारले नाही. हे प्रश्न आता आपण घरातल्या वृद्धांना विचारावेत आणि मिळतील ती उत्तरे सांगणाऱ्याचे नाते नमूद करून लिहून ठेवावीत. गिरणीचे जुने हजेरीकार्ड किंवा भविष्य निर्वाह निधीचा कागद एखाद्या ट्रंकेत असेल तर तोही पाहावा, कारण त्या कागदावर पणजी ‘जमात’ म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून आलेल्या असतात.

लिहिताना जमातीच्या पुढे कायद्याने लावलेले विशेषण मूळ नोंदीतील शब्द म्हणून अवतरणात एकदाच द्यावे आणि नंतर वापरू नये. हजेरीच्या ज्या तारखा मिळाल्या असतील त्या सर्व द्याव्यात. त्यांच्या नावावर एखाद्या खटल्याची वा शिक्षेची नोंद शोधूनही मिळाली नाही, तर कोणकोणती रजिस्टरे पाहिली हे सांगून ‘खटला नाही, शिक्षा नाही’ हे शब्द टिपणात स्पष्ट लिहावेत.