मोनॅकोला जाताय तर शनिवार हातचा सोडू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मांद्र्याला तुमचं गेस्ट हाऊस आहे. यंदा लग्नाला पंधरा वर्षं होतात, म्हणून दोघांनी मिळून मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत बघायची ठरवलंय. एका एजन्सीनं फक्त रविवारचं पॅकेज दिलंय, यॉटवर जागा आणि मोनॅकोतच हॉटेल. आणि तुम्ही विचारताय, आयुष्यात एकदाच जायचं तर सगळे पैसे रविवारवर लावू का?

नका लावू. मी दोनदा जाऊन आलोय, २०१९ ला आणि २०२५ ला. दोन्ही वेळा डोळ्यांत साठवून आणलं ते शनिवारचं. ही शर्यत मला जिवापाड आवडते, म्हणूनच तुमचे पैसे चुकीच्या दिवशी जाऊ नयेत असं वाटतं.

कारण साधं आहे. ही गावातली रस्त्यांवरची शर्यत. एक फेरी ३.३३७ किलोमीटरची, म्हणजे मिरामार सर्कलवरून आदिलशहा राजवाड्यापर्यंत जवळपास जेवढा रस्ता, तेवढाच गोल करून मिटवलेला. त्याच्या ७८ फेऱ्या. १९२९ साली पहिली शर्यत झाली तेव्हा बुगाटीसारख्या छोट्या गाड्या धावल्या. आजची गाडी पाच मीटरहून लांब. २०२६ च्या नियमांनी रुंदी दोन मीटरवरून दहा सेंटिमीटरनं कमी केली, पण रस्ता तोच आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. पुढच्याला ओलांडायला जागाच नाही. २०२४ मध्ये पहिले दहाजण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले. शार्ल लक्लेर आपल्याच गावात जिंकला, ते दृश्य सुंदरच होतं, पण क्रम हलला नाही. २०२५ मध्ये आयोजकांनी टायर बदलायला दोनदा पिटमध्ये (कडेच्या थांब्यावर) येणं सक्तीचं केलं, तर काही संघांनी आपली एक गाडी मुद्दाम संथ चालवून मागच्यांना अडवलं आणि जोडीदाराला पिटसाठी मोकळी जागा करून दिली. शेवटी नॉरिस, लक्लेर, पियास्त्री, व्हर्स्टापेन, पहिले चार जसे सुटले तसेच. मी तेव्हा तिथे होतो. चाळिसाव्या फेरीला आमच्या मागच्या बाई चक्क डुलक्या घेत होत्या.

आता त्याच वर्षीचा शनिवार सांगतो. शनिवारी क्वालिफाइंग असतं. त्यात प्रत्येकजण एकट्यानं घड्याळाशी भिडतो, आणि ज्याची फेरी सगळ्यांत वेगवान तो रविवारी सगळ्यांच्या पुढून सुटतो. पुढे जायला जागा नाही म्हणूनच या एका फेरीला इथे एवढी किंमत. मी स्टँड ‘के’ मध्ये बसलो होतो, बंदराच्या कडेनं, तबाकच्या डाव्या वळणापाशी. माझं डिचोलीत गॅरेज आहे, त्यामुळे डोळा आपोआप टायरवर जातो. सुरुवातीला गाड्या दमानं जात होत्या तेव्हा टायरच्या बाजूवरची रंगीत पट्टी आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. जोराची फेरी मारून एक गाडी पुन्हा सावकाश समोरून गेली, तर उजव्या मागच्या टायरवरची अक्षरं कठड्याला घासून अर्धी पुसली गेलेली! वळणातून बाहेर पडताना तो कठड्याला टायरची साल लावून गेला होता, आणि आम्हाला तो फक्त एक झपाटा वाटला होता. आपण आपली गाडी सोनाराच्या बोळातून काढताना आरसे मिटून घेतो. हे लोक तिथून ताशी दीडशेच्या वर जातात. नॉरिसनं १ मिनिट ९.९५४ सेकंदांची फेरी मारली तेव्हा लाउडस्पीकरवरच्या माणसाचा आवाज फुटला. एक मिनिट दहाच्या आत या रस्त्यावर तोवर कुणीच आलं नव्हतं.

आणि त्याच दुपारी, क्वालिफाइंगच्या आधी, फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) छोटी शर्यत आपल्या बंगळुरूच्या कुश मैनीनं जिंकली. त्या शर्यतीत मोनॅकोला जिंकणारा तो पहिला भारतीय. बंदरावरून ‘जन गण मन’ ऐकू आलं आणि मी उभा राहिलो. शेजारचे दोन इटालियन काय झालं ते न कळताच माझ्याबरोबर उभे राहिले. रविवारचंच तिकीट घेतलं असतं तर हे मला पेपरात वाचायला मिळालं असतं.

तर माझा हिशेब असा. स्टँडची तिकिटं दिवसावार सुटी मिळतात. चांगल्या स्टँडचं तिकीट शनिवारचं घ्या. रविवारच्या मानानं ते बरंच स्वस्त असतं. ‘के’ मध्ये वरच्या रांगा मागा, खालच्या रांगांत जाळीच जास्त दिसते. रविवारी रोशेला जा. राजवाडा ज्या खडकावर आहे त्याच्या उतारावरची ही उभ्यानं बघायची जागा, सगळ्यांत स्वस्त. तिथून बंदर, पोहण्याच्या तलावाजवळची वळणं आणि रास्कासचं वळण असं सगळं खाली पसरलेलं दिसतं. शर्यत दुपारी तीनला, पण सकाळी सात-साडेसातला पोचलात तरच बूड टेकायला बरा दगड मिळतो. उतार चांगलाच आहे, माती पायाखालून सुटते, सावली जवळजवळ नाही. वहिनींच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय, म्हणून रोशेचा विचार त्यांना विचारूनच करा. नाही जमणार वाटलं तर रविवारी शेजारच्या फ्रान्समधल्या नीस शहरात टीव्हीवर शर्यत बघितलीत तरी मला त्यात काही कमी वाटत नाही. यॉटबद्दल एवढंच की तिथून शर्यतीपेक्षा शेजारची यॉट जास्त दिसते. दोन्ही वर्षी त्या यॉटवरचे लोक डेकवरच्या टीव्हीकडे तोंड करून बसलेले मी स्वतः पाहिले.

संध्याकाळची गोष्ट एजन्सीवाले सांगत नाहीत. दिवसाच्या गाड्या थांबल्या की थोड्या वेळानं रस्ता लोकांसाठी उघडतो. फुकट. त्याच डांबरावर तुम्ही चालू शकता. आम्ही सेंट देवोत या पहिल्या वळणापासून कॅसिनोपर्यंतचा चढ चढलो. आल्तिन्याची चढण पायी चढल्याचीच आठवण झाली. टीव्हीवर तो चढ वाटतच नाही. रस्त्यातली गटारांची झाकणं वेल्डिंग करून बंद केलेली असतात. ती हातानं चाचपून बघितली. २०१६ मध्ये असंच एक झाकण उखडून जेन्सन बटनच्या गाडीवर आदळलं होतं. कडेला झिजलेल्या टायरच्या रबराचे तुकडे पडलेले असतात, दोन उचलून आणले, माझ्या गॅरेजच्या काउंटरवर काचेखाली आहेत. मग उतारावर ते जगप्रसिद्ध हेअरपिन वळण, सगळ्या हंगामातलं सगळ्यांत संथ, ताशी पन्नासच्याही आत. चोर्ला घाटात कदंब बस वळवणाऱ्या ड्रायव्हरला ते बघून काही नवल वाटणार नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून मागे वळून बघा, मग पुढचा बोगदा आणि त्यातला वेग काय असेल ते अंगावर येतं. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी किमान दोन तास यासाठी ठेवा.

कॅसिनोचा चौक त्याच वाटेवर लागतो. आत जायचं तर नीट कपडे लागतात. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना मांडवीतल्या कॅसिनोत मज्जाव आहे ना, तसाच मोनॅकोच्या नागरिकांनाही त्यांच्याच कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ते कळल्यावर मला ते गाव एकदम ओळखीचं वाटलं.

राहण्याचं. तुम्ही स्वतः नाताळात खोलीचे भाव कसे चढवता ते आठवा आणि ते दोन चौरस किलोमीटरच्या देशात किती चढत असतील त्याचा अंदाज घ्या. मोनॅकोत राहू नका. नीसला राहा. रेल्वे स्टेशन नीस-व्हिल, तिथून मोनॅको वीस-पंचवीस मिनिटं. मोनॅकोचं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, बाहेर पडलात की शर्यतीच्या रस्त्यापाशीच. दुसरा पर्याय फ्रान्समधलंच मेंतों, जास्त शांत, उलट्या दिशेला. त्याहून स्वस्त हवं तर सीमेपलीकडे इटलीतलं व्हेंतिमिलिया. पण तिथून येताना फ्रेंच पोलीस गाडीत पासपोर्ट तपासतात, तेव्हा पासपोर्ट रोज खिशात लागतो. २०१९ ला माझी घोडचूक अशी की एका घरमालकाकडे नीसची खोली पैसे न भरता तोंडी पक्की समजून बसलो. दोन महिने आधी त्यानं ती रद्द करून दुप्पट भावानं दुसऱ्याला दिली. मी मेंतोंला गेलो, आणि बरंच झालं म्हणायचं. तुम्ही रद्द करता येण्याजोगं, पण लेखी पुष्टी असलेलं बुकिंगच करा.

रविवारी संध्याकाळी परतीच्या ट्रेनला अक्षरशः जत्रा असते. शर्यत संपल्यावर लगेच स्टेशनात शिरलात तर बोगद्यात दोन तास उभे राहाल, मी राहिलोय. त्याऐवजी दोन-अडीच तास बंदराजवळच्या ला कोंडामिन भागात काढा. प्लास दार्म चौकात बाजार आहे. तिथे बार्बाजुआन म्हणून तळलेला पदार्थ मिळतो, आत पालेभाजी आणि चीज, आपल्या नेवरीची तिखट बहीणच. वहिनी सोमवारी शिवराक (शाकाहारी) खातात असं लिहिलंय, तर नीसला सोक्का विचारा. चण्याच्या पिठाचं धिरडं, ऑलिव्ह तेलात, वर मिरी. अंडं नाही, दूध नाही. आम्ही दोन वेळा त्यावरच काढले. परतीचं तिकीट मात्र सकाळीच घेऊन ठेवा.

व्हिसा. मोनॅको स्वतः शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, नाही, पण फ्रान्सच्या बाजूनं सीमा उघडी आहे, त्यामुळे फ्रान्सचा शेंगेन व्हिसा चालतो. जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे, हे लक्षात ठेवा. व्हेंतिमिलियाला सगळ्या रात्री काढणार असाल तर अर्ज इटलीकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, अगदी शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, पण तुम्ही तीन महिने आधी करा. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. तुमच्यासारख्यांना एक अडचण येते ती सांगतो. गेस्ट हाऊसवाल्यांच्या खात्यात पैसा नोव्हेंबर ते मे येतो आणि पावसाळ्यात आटतो. तीन महिन्यांचाच उतारा दिलात तर चित्र वेडंवाकडं दिसतं. पूर्ण वर्षाचा उतारा, आयकर विवरणपत्रं आणि पर्यटन खात्याचा नोंदणी दाखला जोडा, आणि पत्रात धंदा हंगामी आहे हे दोन ओळींत स्पष्ट लिहा. घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसाच नको, पण त्याची परतीची कागदपत्रं वेगळी असतात, ती आधी बघून घ्या.

तारखेचं तुमच्या फायद्याचं आहे. आधी ही शर्यत मेच्या शेवटी असायची, तेव्हा तुमचे शेवटचे पाहुणे अजून खोलीत असायचे. २०२६ पासून ती जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीला हलवली आहे. म्हणजे मृगाच्या तोंडावर, इथे पहिल्या सरी पडतात आणि तुम्ही तसंही छपरावर प्लास्टिक टाकत असता. ते काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात उरकून घ्या. कुणाला तरी किल्ली देऊन जा, कारण पाऊस लवकर आला तर तुमचं मन बोगद्यात नाही, मांद्र्याच्या पत्र्यांवर राहील.

जायचं कसं, तर मी मुंबईहून दुबईमार्गे नीसला गेलो. विमानतळावरून गावात ट्राम जाते. बुधवारी पोचा म्हणजे झोप नीट लागते आणि शुक्रवारचा सराव चुकत नाही. शुक्रवारी रोशेचं तिकीट पुरतं. त्याच दिवशी रविवारच्या जागेची पाहणीही होते. कानात घालायचे बोळे इथून घेऊन जा, दोन जोड. बोगद्याच्या बाजूला आवाज छातीत बसतो. पायात जुने, वापरलेले बूट, नवे नकोत. टोपी, एक लिटरची पाण्याची बाटली, बसायला पातळ चटई. काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत.

तिकिटं शर्यत भरवणाऱ्या ऑटोमोबील क्लब द मोनॅकोच्या विक्रीतून घ्या, आणि आदल्या वर्षीच. एजन्सीला हो म्हणण्याआधी त्यांना विचारा, शनिवारचं तिकीट त्यात आहे का, जागा कुठल्या स्टँडमध्ये आणि कितव्या रांगेत. उत्तर आलं की इथे टाका, मी नकाशावर बघून सांगतो तिथून नेमकं काय दिसेल.