‘मॅडम, तीनशे रुपयात गोरं होता येतं का?’

परवा परत एका पोरीनं हाच प्रश्न विचारला म्हणून लिहायला बसले. शब्द दरवेळी वेगळे असतात पण प्रश्न तोच, घरची परिस्थिती नाही, हातात महिन्याला दोन-तीनशे रुपये उरतात, त्यात चेहरा, केस, हातपाय नीट कसे ठेवायचे. आणि त्याच्या पोटात अजून एक प्रश्न असतो जो सहसा कुणी बोलून दाखवत नाही, की आपल्यासारख्या घरच्या पोरीनं चांगलं दिसायचा विचार तरी करावा का.

मी अंबाजोगाईत मुलींच्या समुपदेशनाचं काम करते, 11 वर्षं झाली. जिची गोष्ट सांगतेय तिला आपण मीरा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि लिहू का म्हणून तिला आधी विचारलंय. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची पोरगी, आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याकडंच. मीरा बीए करत होती आणि सोबत पोलीस भरतीची तयारी. सकाळी साडेपाचला ग्राउंड, मग कॉलेज, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात चार तास काम, त्याचे महिन्याला 2500. चौघी मिळून एक खोली, आपापलं रांधून खायचं. भाडं, किराणा, भरतीची पुस्तकं असं सगळं जाऊन तिच्याकडं 300 रुपये उरायचे.

पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत, अभ्यासात लक्ष लागंना म्हणून. डोळ्यापर्यंत स्कार्फ बांधलेला, खोलीत बसल्यावरही सोडला नाही. आमच्याकडं पोरी उन्हाचा आणि धुळीचा स्कार्फ बांधतातच, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या वेळी म्हणली, "मॅडम एक विचारू का, हसू नका, तीनशे रुपयात गोरं होता येतं का?"

इथं माझं चुकलं ते सांगते. मी लगेच सुरू झाले, की रंगात काय आहे, माणसाचं मन सुंदर पाहिजे, आत्मविश्वास हेच खरं सौंदर्य वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणली, "मॅडम तुम्ही गोऱ्या आहात, तुम्हाला असं म्हणणं सोपं जायलंय."

मला त्या दिवशी पुढं काही बोलताच आलं नाही, कारण ती खरं बोलत होती. तिला बघायला पाहुणे आले होते दिवाळीआधी, चहापोहे झाले, आणि नंतर मध्यस्थाकडून निरोप आला की पोरगी फोटोत बरी दिसती पण रंग लईच दबलेला आहे. हे तिच्या मावशीनं सगळ्यांसमोर सांगितलं, वर हुंड्याचा आकडा आता वाढणार हेही. ज्या घरात उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेऊन वर्ष निघतं तिथं रंगाचा असा थेट पैशाशी संबंध जोडला जातो, आणि मग त्या पोरीला मन सुंदर ठेव म्हणून सांगणं म्हणजे तिचं ऐकलंच नाही असा अर्थ होतो.

तिसऱ्या वेळी मी फक्त म्हणलं, तुझे तीनशे रुपये कुठं कुठं जातात ते वहीत लिहून आण. तिनं आणलं. 95 रुपयाची क्रीमची ट्यूब, 15 ग्रॅमची, महिन्याला तीन. झाले 285. उरलेल्या 15 रुपयात शाम्पूच्या पुड्या. बस. मी विचारलं, पॅडचं काय? तर मान खाली. एक पॅड सकाळपासून रात्रीपर्यंत वापरायची, कधी जुनं कापड, जांघेत पुरळ आलेलं, तसंच ग्राउंडवर पळायची. सकाळी ग्राउंडनंतर बाकीच्या पोरी अंडं नाहीतर केळ खायच्या, हिचा नुसता चहा. केस इतके गळत होते की फणी बघितली की रडू यायचं म्हणे. मग केसांसाठी पण एखादी क्रीम असते का, हा तिचा पुढचा प्रश्न.

तेव्हा मी म्हणलं, बाळा स्कार्फ सोडतीस का जरा.

दोन्ही गाल लालबुंद, बारीक बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर आणि कानापुढं लव वाढलेली, गालावर बारीक लाल शिरा दिसायल्या होत्या. तिला वाटत होतं ग्राउंडच्या उन्हानं झालंय. मी ट्यूब मागितली, पर्समध्येच होती. मागची बारीक अक्षरं आम्ही दोघींनी मोबाईलची बॅटरी लावून वाचली, तिनंच मोठ्यानं वाचलं, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, आणि खाली शेड्यूल एच, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. तिला ही ट्यूब कुण्या डॉक्टरनं दिलीच नव्हती. पार्लरवालीनं नाव लिहून दिलं, मेडिकलवाल्यानं न विचारता दिली, पाच महिने.

ह्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही पण त्याच घरातली नावं, ही ज्याच्या ट्यूबवर दिसतील ती गोरं व्हायची क्रीम नाही, ते त्वचेच्या आजाराचं औषध आहे आणि आजारात, डॉक्टर सांगेल तितकेच दिवस वापरायचं असतं. पहिल्या आठ-पंधरा दिवसात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो, सगळे म्हणतात काय लावतीस ग, आणि तिथंच माणूस फसतं. पुढं कातडी पातळ व्हायला लागते, पुटकुळ्या, लव, ऊन सहन न होणं, आणि लावायचं बंद केलं की चार दिवसात आग आग होऊन चेहरा पहिल्यापेक्षा खराब, की परत ट्यूब. मीरानं दोनदा बंद करून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा घाबरून परत लावली. ती म्हणायची मला सवय लागली, माझाच दोष. दोष तिचा नव्हता, ते औषध असंच वागतं. 2018 साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत, तरी आमच्याकडं साबणासारखी मिळतात याचा मला फार राग येतो.

बिनलेबलच्या डबीतल्या क्रीमचं तर अजून वाईट. लग्नसराईत पार्लरमध्ये, जत्रेत, ऑनलाइन सगळीकडं विकतात, आत काय ते कुणालाच माहीत नाही. अशा काही क्रीममध्ये पारा निघालेला आहे, केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 साली अशा क्रीम लावणाऱ्या लोकांच्या किडनीला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं. तुम्ही अशी क्रीम लावत असाल आणि पाय सुजले किंवा लघवीला फेस यायला लागला तर वाट बघू नका, डॉक्टरकडं डबी सोबत घेऊन जा.

मी मीराला ट्यूब फेकून दे म्हणलं नाही. एकदम बंद केली की काय होतं हे तिनं सोसलेलं होतं, त्यामुळं ते कसं सोडवायचं हे डॉक्टरनंच ठरवायला पाहिजे. अंबाजोगाईत स्वाराती म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, त्वचेची ओपीडी असते, आणि मराठवाड्यात संभाजीनगरला घाटी, लातूर, नांदेडलाही सरकारी कॉलेजं आहेत. खाजगीत फी द्यायची तिची ऐपत नव्हती पण सरकारीत जायची लाज वाटायची, तिथं बाप्ये डॉक्टर असतील, रांगेत गावचं कुणी भेटलं तर. मी सोबत गेले. तिथं एक गोष्ट शिकवली ती सगळ्याच पोरींना सांगते, की डॉक्टरला आधीच म्हणायचं, सर माझ्याकडं महिन्याला इतकेच पैसे आहेत, यात बसेल असं द्या. तिला एक सनस्क्रीन लिहून दिलं होतं ते साडेचारशेचं, तिनं हे वाक्य थरथरत म्हणलं, आणि डॉक्टरांनी काही न बोलता खोडून स्वस्तातलं लिहिलं. वर म्हणले टोपी आणि सुती स्कार्फ चालू ठेव, तोच तुझा अर्धा इलाज आहे. तिथंच रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.9. बाईमाणसाला 12 तरी पाहिजे. केस कशानं गळतात याचं एक मोठं कारण तिथंच सापडलं, लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या, फक्त त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, चहानं लोह अंगी लागत नाही.

मग आम्ही वही परत उघडली. तीनशे तेच, फक्त क्रम बदलला. मी तिला म्हणलं, आधी ज्याच्यावाचून दुखतं ते, मग ज्यानं बरं वाटतं ते. पॅड पहिल्या ओळीत आले. जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचं पॅड 1 रुपयाला एक मिळतं, 2019 पासून, दिवसातून चार बदलले तरी महिन्याचे 20-25 रुपये. मग रोजचं एक अंडं नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ, यात जास्त पैसे गेले आणि जाऊ द्यावेत. बहुतेक पोरी खाणं या हिशोबात धरतच नाहीत, माझ्या मते केसांवरचा पहिला खर्च तोच.

साबणाचं तिला फार आश्चर्य वाटलं. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या तेल-चरबीच्या अंशाचं प्रमाण, लिहिलेलं असतं, 76 टक्के किंवा वर असेल तर पहिल्या दर्जाचा साबण, आणि काही वड्यांवर साबण असं न लिहिता बाथिंग बार लिहिलेलं असतं, त्यांना हा दर्जा लागू नसतो. जाहिरातीतल्या महाग वडीपेक्षा कमी किमतीत 76 वाली वडी मिळते, दुकानात पाच मिनिटं उभं राहून वाचावं लागतं इतकंच. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, फेस होत नाही, अंगावर पांढरट थर राहतो आणि चेहरा ताणल्यासारखा होतो, पोरींना वाटतं आपली स्किनच खराब. चेहऱ्यासाठी शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा घ्यायचा, केस धुतल्यावर शेवटचे दोन. शाम्पूची पुडीच घे म्हणलं, मिलीचा हिशोब करून बघितला तर आमच्या दुकानात ती बाटलीपेक्षा स्वस्त पडते. ओल्या अंगावर, कातडीला कुठं ताण येत असेल तिथं पेट्रोलियम जेलीचं बोट. चेहऱ्याला मात्र डॉक्टरनं सांगितलं तेवढंच.

आणि लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे चेहऱ्याला लावायचं नाही. हे घरगुती आणि फुकट म्हणून पोरी बिनधास्त लावतात, पण लिंबू त्वचेला फार आंबट आणि सोडा उलट बाजूनं फार जहाल, आधीच सोललेल्या चेहऱ्यावर तर भाजतंच. बेसन, साय, दिवाळीचं उटणं ठीक आहे ज्यांची कातडी धड आहे त्यांना, मीराला त्या काळात तेही नाही.

तिनं एकदा विचारलं, मग गोरं व्हायचं राहिलंच की. मी म्हणलं हो, राहिलं, जन्माचा रंग कुठल्याच ट्यूबनं बदलत नाही. 1975 पासून फेअर अँड लव्हली विकली गेली आणि 2020 ला कंपनीनंच त्यातला फेअर शब्द काढून ग्लो केला. पण डाग जातील, आग थांबेल, तुझा तुला चेहरा परत मिळेल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणली, "आन मावशीला काय सांगू?" याचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. आम्ही पुढची तीन सत्रं फक्त यावरच घालवली, आणि शेवटी तिनं जे ठरवलं ते तिचंच होतं, की भरतीचा निकाल लागेपर्यंत बघायचा कार्यक्रम नको, हे वडलांना फोनवर सांगायचं. सांगितलं. वडील म्हणले बरं. इतके दिवस कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

पहिला दीड महिना फार वाईट गेला, आग, खाज, रात्री झोप नाही, दोनदा ट्यूब घ्यायला मेडिकलपर्यंत जाऊन परत आली आणि मला फोन केला. आठ महिने लागले. डाव्या गालावर डाग आहे अजून फिकट, हनुवटीची लव ती रेझरनं काढते, त्यानं केस जाड होतात हे खरं नाही, आपल्याला तसं वाटतं. 800 मीटरची वेळ सुधारली, ते रक्त वाढल्यामुळं असं ती म्हणते आणि मलाही तेच वाटतं.

दिवाळीच्या पाडव्यानंतर टोळी निघायच्या दोन दिवस आधी ती आईला घेऊन आली. आई दारातच उभी, पोरीनं असले नखरे करून तोंड जाळून घेतलं म्हणून आधी पोरीवर चिडली, मग माझ्यावर थोडी, मग बसली. चहा झाला. उठता उठता साडीचा काठ जरा वर करून पाय दाखवले, टाचेला बोट जाईल अशा भेगा, एकीतून रक्त आलेलं. "आमच्या पायाला बी असतंय का हो काही मॅडम? उसात जायचंय, चप्पल घालवंना."

मी म्हणलं मावशी, उद्या सकाळी स्वारातीत एकदा दाखवून साखर तपासून घ्या, रक्त येतंय म्हणून. आणि तिकडं गेल्यावर रात्री पाय धुऊन, पुसून, ओल असतानाच पेट्रोलियम जेली थापून लावायची आणि जुने मोजे घालून झोपायचं, कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, धूळ असते म्हणून मोजे सोडायचे नाहीत.

मीरानं तेवढ्यात पर्समधून वही काढली होती. नवीन पानावर वर ‘माय’ लिहिलं आणि खाली जेली, मोठी डबी, मोजे दोन जोड.

आई म्हणली, "मोठी कशाला, बारकी घे."

मीरानं मोठी तशीच ठेवली.