घोरणं थांबतं तेव्हा

विश्रामबागहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर 42 वर्षांचे, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर. वर्षभर झोपेत करकरा दात खातात. सासूबाईंनी जंताची गोळी दोनदा दिली. जाऊबाई म्हणाल्या, 'भाऊजींच्या मनात तुझ्यावर राग आहे.' ताईंनी ऑनलाइन 400 रुपयांचा, दातांवर बसवायचा गार्ड मागवला, तो मिस्टरांनी दोन रात्रींत काढून टाकला. आता ताई मुलीला घेऊन हॉलमध्ये झोपतात आणि विचारतात, 'ह्यांचा राग कसा घालवू?'

ताई, राग राहू द्या बाजूला, जंतही राहू द्या. तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलंय : 'घोरणं मध्येच थांबतं, तेवढाच काय तो निवांतपणा.' मी त्या कंसापाशीच अडकले आहे.

घोरणं थांबतं तेव्हा बहुधा त्यांचा श्वास अडकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट बंद होते. छाती-पोट हलत असतं, पण नाकाशी बोट धरलं तर हवा लागत नाही. मग मेंदू माणसाला अर्धवट जागा करतो, मोठा घुरका येतो, आणि त्याच सुमाराला बऱ्याच जणांचा जबडा आवळून दात घासू लागतात. दात खाण्यामागे प्रत्येक वेळी हेच असतं असं नाही. पण घोरणं असं तुटत असेल तर आधी हेच तपासायचं.

आणि हे ऐकणारं घरातलं एकमेव माणूस उशी उचलून हॉलमध्ये निघून गेलं! तुमची झोपमोड होते, कबूल. तरी परत जा.

मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवून, मंद दिव्यात व्हिडिओ घ्या. उताणं झोपल्यावर आणि पहाटे पहाटे हा त्रास वाढतो, म्हणून साडेचार-पाचलाही एकदा घ्या. श्वास किती सेकंद अडकतो ते घड्याळात बघा. 10 किंवा त्याहून जास्त सेकंद असेल तर ती एक खेप धरा. तासाला अशा 5 खेपांपासून झोपेत श्वास अडकण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) धरतात, 15 पासून मध्यम, 30 पासून तीव्र. तुमची मोजणी म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना ती फार उपयोगी पडेल. सोबत हेही लिहून न्या : सकाळी डोकं जड असतं का, तोंड कोरडं पडतं का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, बीपी किती, दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागते का. तासगाव रोडला गाडी चालवताना पेंग येत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडीची चावी तुमच्याकडे.

मग छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन 'स्लीप स्टडी' करायची आहे असं स्पष्ट सांगा. एका रात्रीचं काम. बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी, छाती-पोटावर पट्टे. काही ठिकाणी मशीन घरीही देतात.

तो 400 रुपयांचा गार्ड आता घालूच देऊ नका. मऊ असला की काही जण तो झोपेत आणखीच चावत बसतात. आणि श्वास अडकणाऱ्या काही जणांना नुसत्या वरच्या दातांवरच्या गार्डने त्रास वाढू शकतो. म्हणून आधी स्लीप स्टडी, मग दाताचे डॉक्टर. ते माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा गार्ड करतील. त्याने दात खाणं थांबत नाही, दातांची झीज थांबते. तो गार पाण्याने, ब्रशने धुवायचा. गरम पाण्यात वाकतो.

सकाळी टॉर्च घेऊन त्यांचं तोंड बघा. सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? जिभेच्या कडेला दातांचे खळगे, गालाच्या आत पांढरी रेघ दिसते का? झिजलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडेही फार उशीर नको.

दारू आणि तंबाखूने दोन्ही त्रास वाढतात. संध्याकाळचा चहा बंद. कुशीवर झोपवा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा, काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं. मनानं मात्र बंद करू नका.

मुलीला आज आजीजवळ झोपवा. मोबाइल पूर्ण चार्ज करा, आणि उशी घेऊन आपल्या खोलीत जा.