‘देवाने जे जोडले आहे’ हे वचन मार खाणाऱ्या पत्नीला बांधून ठेवते का?

आपण लिहिले आहे की आपल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला तिचा नवरा मारहाण करतो, ती सध्या माहेरी आली आहे, आणि तिच्या मंडळीतील काही वडीलधारे ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन सांगून तिला परत नांदायला पाठवू पाहत आहेत. उदारमतवादी म्हणवणारे ख्रिस्ती लोक एवढे स्पष्ट वाक्य सोयीसाठी बाजूला ठेवतात का, असाही आपला प्रश्न आहे. मी एका प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद आहे, पाळक नाही. हा प्रश्न आमच्याच घरात येऊन गेलेला असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

ते वचन मी बाजूला ठेवत नाही. ते मला प्रभूचे वचन वाटते, म्हणूनच ते कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल उच्चारले हे आधी पाहणे मला आवश्यक वाटते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, येशूकडे येतात आणि विचारतात की पुरुषाने आपल्या पत्नीला टाकणे योग्य आहे का. प्रश्न विचारणारे पुरुष आहेत आणि तो पुरुषांच्या अधिकाराविषयी आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायाप्रमाणे पुरुष सूटपत्र लिहून पत्नीला घराबाहेर काढू शकत असे. पत्नीला मात्र तसे सूटपत्र देण्याचा अधिकार नव्हता. त्या काळच्या यहुदी शास्त्र्यांमध्ये यावर जुना वाद होता. शम्मायच्या परंपरेतले गुरू म्हणत की केवळ व्यभिचारासारख्या कारणावरून पत्नीला टाकता येते, तर हिल्लेलच्या परंपरेत असे मत होते की तिने जेवण बिघडवले तरी ते कारण पुरेसे आहे. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूश्यांच्या प्रश्नात ‘कोणत्याही कारणावरून’ असे शब्द येतात, त्यामागे हाच वाद उभा आहे. ज्या समाजात रांधण्यातल्या चुकीवरून बाई रस्त्यावर येऊ शकत होती, त्या समाजातल्या पुरुषांना येशू सांगतो की तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मोशेने ती मोकळीक दिली, आरंभापासून देवाची इच्छा तशी नव्हती, आणि त्यानंतर हे जोडण्या-तोडण्याचे वाक्य येते. ते वाक्य पुरुषाचा हात धरण्यासाठी उच्चारलेले आहे. तेच वाक्य आज मार खाणाऱ्या स्त्रीला पुन्हा त्या हाताखाली पाठवण्यासाठी वापरले जाते, तेव्हा अक्षरे तीच राहिली तरी वचन उलटे झालेले असते.

ही आधुनिक काळाच्या सोयीने काढलेली पळवाट आहे असे जर कोणी म्हटले, तर मी त्यांना नव्या करारातच थोडे पुढे-मागे पाहण्याची विनंती करतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधी, इसवी सन 53 ते 55 च्या सुमारास लिहिले गेले. त्याच्या सातव्या अध्यायात पौल प्रथम प्रभूची आज्ञा म्हणून पती-पत्नीने वेगळे होऊ नये असे सांगतो, आणि लगेच पुढे, हे प्रभू सांगत नाही, मी सांगतो, असे स्वच्छ नमूद करून नव्या परिस्थितीविषयी बोलतो. एक जोडीदार विश्वासणारा आणि दुसरा नसलेला, असे विवाह गालीलात येशूपुढे आलेच नव्हते. करिंथात ते घरोघरी होते. तिथे पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा वेगळा होऊ पाहत असेल तर होऊ द्यावे, अशा वेळी भाऊ किंवा बहीण बंधनात नाही, देवाने आपल्याला शांतीसाठी बोलावले आहे. मत्तय आपल्या वृत्तांतात व्यभिचाराचा अपवाद घालतो, मार्क आणि लूक तो घालत नाहीत. मार्क मात्र पत्नीने पतीला टाकण्याचाही उल्लेख करतो, आणि ते रोमी कायद्याखाली राहणाऱ्या वाचकांना समोर ठेवूनच लिहिलेले दिसते, कारण तिथे स्त्रीला तसे करता येत होते. येशूचे एकच वचन पहिल्या पिढीतल्या माणसांनी आपापल्या मंडळीतल्या दुःखांसमोर असे तीन-चार प्रकारे उभे केले, आणि ते सगळे प्रकार एकाच पवित्र शास्त्रात शेजारीशेजारी जपले गेले. माझ्या विश्वासाला यामुळे तडा गेला नाही. विचार करून, परिस्थिती पाहून, प्रार्थनापूर्वक निर्णय घेण्याची जबाबदारी देवाने माणसांवर टाकली आहे, हे मी तिथेच शिकलो.

जुन्या करारातही असाच संवाद चालू आहे. एज्राच्या दहाव्या अध्यायात परदेशी बायका केलेल्या लोकांना त्या बायका मुलांसकट पाठवून द्यायला सांगितले जाते. मलाखी संदेष्टा मात्र तरुणपणीच्या पत्नीशी केलेल्या विश्वासघाताबद्दल खडसावतो. आणि रूथ तर मवाबी, म्हणजे अनुवादाप्रमाणे ज्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नव्हता त्या लोकांतली. तीच दाविदाची पणजी होते आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव येते.

‘सोयीचे तेवढे घेणे’ हा आरोप मी गांभीर्याने घेतो, कारण तो खरा ठरू शकतो. पण तो फक्त आम्हा उदारमतवाद्यांवरच का यावा, हे मला समजत नाही. मार्काच्या त्याच दहाव्या अध्यायात, काही ओळी पुढे, एक श्रीमंत मनुष्य येशूकडे येतो, आणि येशू त्याला आपले असेल नसेल ते विकून गरिबांना द्यायला सांगतो. सूटपत्राविषयीचे वाक्य अक्षरशः घेणारी कितीतरी माणसे या वाक्यापाशी आली की ते आध्यात्मिक अर्थाने घ्यावे, मनाची आसक्ती सोडावी, असे समजावतात. मीही माझे घर विकलेले नाही. म्हणजे वाक्यांचा अर्थ लावतो आपण सगळेच, आणि बहुधा जिथे दुसऱ्याला किंमत मोजावी लागते तिथे अक्षरशः आणि जिथे स्वतःला मोजावी लागते तिथे सैलपणे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून पत्नीने पतीच्या अधीन असावे हे बाविसावे वचन विवाहाच्या उपासनेत वाचले जाते. एकमेकांच्या अधीन असा, हे एकविसावे वचन कित्येकदा वाचायचे राहते. वास्तविक सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही, ते आधीच्या वचनावरून घ्यावे लागते. तेव्हा या दोन वाक्यांची ताटातूट मुळात शक्य नाही.

आता आमच्या घराविषयी. माझी थोरली बहीण लग्नानंतर चौथ्या वर्षी हात मोडलेल्या अवस्थेत माहेरी आली. ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान होता अशा एका पाळकांनी घरी येऊन प्रार्थना केली आणि हेच वचन वाचून तिला परत जायला सांगितले. आईने तिची पेटी भरली. ताई गेली, आणि सात महिन्यांनी पुन्हा आली, तेव्हा तिच्यासोबत तिची मुलगी होती आणि मुलीच्याही पाठीवर वळ होते. त्या दिवसापासून आईने ते पान कधी मोठ्याने वाचले नाही. ताईने मात्र शास्त्र सोडले नाही. रात्री ती करिंथकरांस पत्र घेऊन बसे आणि ‘बंधनात नाही’ या शब्दांखाली तिने पेन्सिलीने काढलेली रेघ अजून आमच्या घरच्या बायबलात आहे. मी उदारमतवादी झालो तो कुठल्या पाश्चात्त्य पंडितामुळे नव्हे, त्या रेघेमुळे झालो असे म्हणणे जास्त खरे होईल.

मराठी ख्रिस्ती मनुष्याला स्वतः शास्त्र वाचून निर्णय घेण्याचा हा मार्ग नवा वाटायला नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, आणि ज्या अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच पुढे त्यांचा त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) सिद्धान्तापासून क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांपर्यंत पत्रांतून वाद झाला. ती अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात का असू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायला त्यांची तयारी नव्हती. नंतरच्या आयुष्यात त्यांची श्रद्धा पुनरुज्जीवनाच्या वळणाने गेली, त्यामुळे त्यांना आमच्या गटात ओढणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण केडगावच्या मुक्ति मिशनात निराधार बायकांच्या सोबतीने राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ते छापून पूर्ण झाले 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. खेड्यातल्या बाईला ते स्वतः वाचता यावे म्हणून त्यांनी एवढे कष्ट घेतले, हे मला त्यांच्या मतांहूनही मोलाचे वाटते.

कायद्याच्या बाजूने आपल्या मैत्रिणीची स्थिती तिच्या आजीपेक्षा बरी आहे, आणि हे तिला कोणीतरी सांगायला हवे. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करावा लागे, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ज्या इंग्रजी कायद्यावरून हा भेद आला तो इंग्लंडने 1923 मध्ये काढून टाकला. भारतातल्या ख्रिस्ती स्त्रियांना त्यानंतर आणखी 78 वर्षे वाट पाहावी लागली. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने क्रूरता हे स्वतंत्र कारण मानण्याचा मार्ग मोकळा केला आणि 2001 च्या दुरुस्तीने पती-पत्नीला समान कारणे मिळाली, तसेच परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही आली. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा तर सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि त्याखाली संरक्षणाचा व निवासाचा आदेश मागण्यासाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही.

मैत्रीण रोमन कॅथलिक असेल तर तिच्या धर्मसभेची भूमिका वेगळी आहे, कारण तिथे वैध विवाह अविच्छेद्य मानला जातो. तरीही 1983 च्या कॅनन संहितेतील (कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यातील) 1153 व्या कलमात, जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास कायदेशीर कारण मानलेले आहे. तिला परत पाठवणारे लोक हे कलम सांगत नसतील, तर तिने ते धर्मगुरूंपुढे ठेवावे. प्रोटेस्टंट असेल तर पाळकांशी बोलायला तिने एकटीने जाऊ नये. आपल्यासारखी मैत्रीण आणि शक्य असल्यास मंडळीतली एखादी वडील स्त्री सोबत असावी, आणि मार खाल्ल्याच्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती घरात न ठेवता दुसरीकडे ठेवाव्यात. त्यांनी मार्काचा दहावा अध्याय उघडला तर तिने तो शेवटपर्यंत वाचायला सांगावा, आणि नंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा. आमच्या ताईने तसेच केले होते. समोरचे पाळक त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी तिला पंगतीतून उठवले नाही.