‘नकल डाऊन’ म्हणजे झोकून देणं का? नोकरीच्या अर्जात वापरू का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘नकल डाऊन’चा अर्थ ‘कामाला झोकून देणे’ असा वाचला, तर नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव नकल्ड डाऊन टू टीचिंग फॉर टेन इयर्स’ असं लिहिलं तर चालेल का?

नका लिहू. व्याकरणात ते बसतं, पण वाचणाऱ्याला भलतंच ऐकू जाईल.

‘नकल’ म्हणजे मूठ वळली की वर येणारा बोटाचा सांधा. स्पेलिंगमधला पहिला के उच्चारत नाहीत. आणि ‘नक्कल’शी याचा काही संबंध नाही, हा घोटाळा बरेच जण करतात. हा प्रयोग मुळात गोट्यांच्या खेळातला. इंग्लंडात गोटी वळलेल्या तर्जनीत धरून अंगठ्याने उडवतात, आणि उडवताना किमान एक सांधा जमिनीला टेकलेला असावाच लागतो. आपल्याकडे अंगठा टेकवून मधलं बोट मागे ताणतात, म्हणून हे चित्र चटकन डोळ्यांपुढे येत नाही. ससेक्समधल्या टिन्स्ली ग्रीन या गावी गुड फ्रायडेला गोट्यांची मोठी स्पर्धा भरते. ६ फूट व्यासाच्या रिंगणात ४९ गोट्या मांडतात. तिथेही हात टेकवूनच मारावं लागतं, आणि मारताना हात पुढे सरकवला तर तो फाउल. म्हणजे इकडेतिकडे बघणं बंद, खाली वाकायचं, हात टेकवायचा, नेम धरायचा. खेळातला हा अर्थ १८व्या शतकापासून नोंदलेला आहे. तोच १९व्या शतकात अमेरिकी इंग्रजीत ‘गंभीरपणे कामाला लागणे’ असा झाला.

हे चित्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं. हात टेकवण्याआधी पोरगं उभं असतं, गप्पा मारत असतं. ‘नकल डाऊन’मध्ये तो आधीचा वेळ कायम गृहीत असतो: आतापर्यंत टंगळमंगळ झाली किंवा दुसरीकडे लक्ष होतं, आता मान खाली घालून काम. म्हणून मराठीत त्याच्या सर्वांत जवळ येतं ते ‘नेटाने कामाला लागणे’. ‘कंबर कसणे’ही चालतं, पण त्यात तयारीचा भाग जास्त आहे. ‘समर्पित होणे’, ‘वाहून घेणे’, ‘झोकून देणे’ हे मात्र त्याचे अर्थ नाहीत. शब्दकोश एका ओळीत अर्थ देतात, तिथे ही छटा गळून पडते.

माझी साधी कसोटी अशी: मनातल्या मराठी वाक्याला ‘आता तरी’ जोडून बघा. ‘परीक्षा तीन आठवड्यांवर आली, आता तरी अभ्यासाला लाग.’ बसलं. मग ‘यू नीड टू नकल डाऊन’ अगदी बरोबर. आता हे बघा: धोंडो केशव कर्वे यांनी आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिलं. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ. इथे ‘आता तरी’ जोडून बघा, वाक्यच विचित्र होतं. इथे ‘डिव्होटेड हिज लाइफ टू’ हेच हवं. तुमचं अर्जातलं वाक्य या दुसऱ्या जातीचं आहे. ‘नकल्ड डाऊन’ लिहिलं तर वाचणारा विचारात पडेल की त्याआधी हे काय करत होते.

हीच अडचण साहेबांना पाठवायच्या मेलमध्येही येते. ‘आय विल नकल डाऊन फ्रॉम मंडे’ म्हणजे आजवर ढिलाई झाली याची कबुली. तसं सांगायचंच असेल तर जरूर लिहा. दुसऱ्याला म्हटलं तर ते दटावणं होतं. आईने मुलाला किंवा प्रशिक्षकाने संघाला म्हटलं तर शोभतं, पण वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला म्हणू नये. शिवाय शब्द बोलीतला आहे. अर्ज, गौरवपत्र, श्रद्धांजली यांत तो नको.

आता रचना. या क्रियापदाला कर्म लागत नाही. ‘नकल डाऊन माय स्टडीज’ चूक, ‘नकल डाऊन टू माय स्टडीज’ बरोबर. यातला ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी हवं: ‘शी नकल्ड डाऊन टू रायटिंग द रिपोर्ट’. ‘टू राइट’ नको. शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. ‘नकल डाऊन टू इट’ जमतं, म्हणजे तिथे नाम किंवा आयएनजीच येणार. बोलताना लोक बऱ्याचदा ‘टू’ टाळून ‘नकल डाऊन अँड फिनिश इट’ असंही म्हणतात, आणि नवशिक्याला तेच सगळ्यात सुरक्षित. ‘अभ्यासावर लक्ष’ या मराठी सवयीने ‘ऑन’ लावायचा मोह होतो, तो टाळा. उच्चारात जोर ‘डाऊन’वर द्या.

जवळच्या शब्दांपैकी एकच खरा धोक्याचा: ‘नकल अंडर’. त्याचा अर्थ नमतं घेणे, शरण जाणे. ‘डाऊन’च्या जागी ‘अंडर’ पडलं की कामाला लागलेला माणूस हरलेला होतो. ‘बकल डाऊन’ मात्र ‘नकल डाऊन’चाच भाऊ, अमेरिकेत जास्त ऐकू येतो. ‘बकल अप’ म्हणजे गाडीत पट्टा लावणे, तो वेगळा.

अर्जासाठी असं लिहा: ‘आय हॅव डिव्होटेड द लास्ट टेन इयर्स टू टीचिंग’. ‘डिव्होट’ला मात्र कर्म लागतंच, म्हणून ‘द लास्ट टेन इयर्स’ मध्ये आलं. ते गाळून नुसतं ‘आय हॅव डिव्होटेड टू टीचिंग’ लिहू नका, ती चूक अर्जांमध्ये फार दिसते.