पाण्याचा फवारा, पंखा आणि अर्जाचं ते एक पान

प्रश्न

मॅडम, नमस्कार.

मी २९ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंगला ५८ टक्के होते. नागपूरला धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूला पाच वर्षं झाली, वर्षभरापासून शिफ्ट इन्चार्ज आहे. मानेवाड्याला सासरी राहते, मुलगी चार वर्षांची आहे. क्रिटिकल केअरमधला (म्हणजे आयसीयूतला) नर्स प्रॅक्टिशनरचा, डॉक्टरांबरोबर उपचाराचे निर्णय घेणाऱ्या नर्सचा, दोन वर्षांचा कोर्स करायचा, हे डोक्यात घोळून राहिलं आहे. पण घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नोकरी सोडता येत नाही. नाइट करून दिवसा कॉलेज केलं तर जमेल का? माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत आहे. ती नोकरी सांभाळून, घरी लॅपटॉपवर लेक्चर ऐकून हेच शिकते आहे, मग आपल्याकडे का नाही?

दुसरी अडचण म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी एक पान लिहायचं आहे. तीन रात्री बसले, पण ‘मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे’ याच्या पुढे पेन सरकत नाही.

खरं कारण सांगू? गेल्या मे महिन्यात दुपारी बांधकामावरचा एक मजूर आला. ताप ४१.४ अंश सेल्सिअस, बडबडत होता, अंग तव्यासारखं. ज्युनिअर सिस्टर पॅरासिटामॉलची बाटली लावायला निघाली. मी तिला थांबवलं, त्याचे कपडे काढले, अंगावर पाणी मारलं, दोन पंखे लावले, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. डॉक्टर आले, म्हणाले बरोबर केलंस. मग विचारलं, पॅरासिटामॉल का नको म्हणालीस? मी म्हटलं, ‘सर, आपल्याकडे असंच करतात.’ ते उत्तर मला अजून टोचतं. आमच्या मेट्रन मात्र म्हणतात, एवढं शिकून शेवटी स्टाफ नर्सच ना?

– एक सिस्टर, मानेवाडा

उत्तर

अगं, पेन सरकत नाही म्हणतेस, आणि अर्जाचं पान तर तू मलाच लिहून पाठवलं आहेस. त्याकडे मी वळतेच, पण आधी नोकरीचं बोलू, कारण तिथे चुकलीस तर दोन वर्षं वाया जातील.

नाइट करून दिवसा कॉलेज जमणार नाही. तुझ्या कष्टांवर माझा विश्वास नाही असं समजू नकोस. चौतीस वर्षं मी या पेशात काढली, निम्मी वॉर्डात आणि निम्मी शिकवण्यात, त्यामुळे आपल्या पोरी काय काय ओढतात ते मला ठाऊक आहे. पण हा कोर्स रेसिडेन्सीचा आहे. वर्गातला भाग थोडा आणि आयसीयूतला फार मोठा. तिथे तू विद्यार्थी म्हणूनच ड्यूटी करणार, नाइटसुद्धा करणार, लॉगबुक भरणार, केस मांडणार. त्यावर दुसऱ्या दवाखान्याची नाइट चढवलीस तर तिसऱ्या आठवड्यात इन्फ्युजन पंपावरचा, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्रावरचा, आकडा तुला दोन दिसायला लागेल. हे पेशंटच्या जिवाशी आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

अमेरिकेतल्या मैत्रिणीशी तुलना करू नकोस. तिथे हे काम १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून सुरू केलं. डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांना नीट प्रशिक्षण मिळालेली नर्स तपासेल, हा त्यामागचा विचार. आज तिथे नोकरी करत अर्धवेळ शिकायची सोय आहे, क्लिनिकलचे तास वेगळे भरून द्यावे लागतात, आणि बऱ्याच राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने औषध लिहून देते. आपल्याकडचा कोर्स गेल्या दहाएक वर्षांतला आहे. नर्सिंगच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलने (आयएनसी) तो आखला, आणि तो आयसीयूपुरता. प्रसूतीसाठीचा अठरा महिन्यांचा कोर्स आहे, तो वेगळा. आपल्याकडे शिकून आलीस तरी आपल्या मर्जीने प्रिस्क्रिप्शन लिहिता येणार नाही. डॉक्टरांबरोबर, ठरलेल्या प्रोटोकॉलच्या आत राहून निर्णय घ्यायचे. हे आधी माहीत असू दे, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं वाटणार नाही.

मग हप्त्याचं काय? आयएनसीच्या मार्गदर्शक सूचनांत एक गोष्ट आहे, ती फार जणी वाचतच नाहीत. नोकरीतून पाठवलेल्या उमेदवाराला तिचा नियमित पगार, आणि बाहेरून आलेल्या उमेदवाराला ज्या रुग्णालयात कोर्स चालतो तिथल्या वेतनरचनेप्रमाणे पगार, असं तिथे म्हटलं आहे. आता कागदावरचं आणि हातात पडणारं सारखंच असेल असं धरून चालू नकोस. प्रत्येक कॉलेजला विचार: महिन्याला किती मिळतं, किती तारखेला मिळतं, फी किती, हॉस्टेल सक्तीचं आहे का. फोनवर नाही, लेखी विचार. मागच्या बॅचची एखादी मुलगी गाठून तिलाही विचार. ती सांगेल ते खरं. आणि कॉलेज आयएनसीच्या यादीत आहे का, ते अर्ज भरण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माहितीपत्रकावर जाऊ नकोस.

तुझ्या दवाखान्याशी बोलायचं ते आत्ताच बोल. लपवून फॉर्म भरायचा आणि यादी लागल्यावर राजीनामा टाकायचा, हा रस्ता मी बऱ्याच जणींना घेताना पाहिला. त्यात हमखास अनुभव प्रमाणपत्र अडकतं. तुझ्या मालकांना एवढंच सांग: मी दोन वर्षांनी आयसीयू चालवू शकेन अशी होऊन परत येते, तुम्ही मला पाठवा. ते पाठवायला तयार झाले तर पगार, रजा आणि परत आल्यावरचा बाँड (किती वर्षं तिथेच काम करायचं त्याचा करार), तिन्ही गोष्टी कागदावर घे. बाँड दोन वर्षांहून जास्त मागत असतील तर घाई करू नकोस, घरच्यांना दाखव.

प्रमाणपत्राचं निघालंच म्हणून माझं सांगते. नव्वदच्या दशकात मी एम.एस्सी.चा फॉर्म भरला होता. ज्या दवाखान्यात होते तिथल्या ऑफिसातून दाखला मागितला. तीन आठवडे ‘उद्या या’ चाललं. शेवटी मिळाला, त्यावर लिहिलं होतं, ‘सदर परिचारिका येथे कार्यरत असून वर्तणूक चांगली आहे.’ बस. रुजू झाल्याची तारीख नाही, वॉर्ड नाही, पद नाही. कॉलेजने तो परत केला. मी पुन्हा ऑफिसला गेले, क्लार्क सुटीवर, कपाटाची किल्ली त्याच्याजवळ. तारीख निघून गेली आणि माझं एक अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षी माझ्यापेक्षा ज्युनिअर मुलगी पुढे निघून गेली. तिच्याबद्दल मनात काही नाही, पण त्या दाखल्याचा पिवळा कागद मी अजून ठेवला आहे.

तेव्हा तुझ्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख हवी, पद हवं, आणि ‘आयसीयू’ हा शब्द हवाच. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तो क्रिटिकल केअरमधला असेल तर त्याला प्राधान्य. तुझी पाच वर्षं आहेत, पण ती कागदावर दिसली पाहिजेत. टक्के ५५ लागतात, तुझे पुरतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढून बघ, नूतनीकरणाची तारीख उलटली असेल तर तेच आधी कर. चारही वर्षांच्या गुणपत्रिका एकत्र आहेत का तेही पाहा. माझ्या एका विद्यार्थिनीची दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका तिच्या माहेरी गोंदियाला, धान्याच्या कोठीवरच्या ट्रंकेत निघाली होती.

आता ते पान.

रुग्णसेवेची आवड सगळ्याच लिहितात, आणि ती खरीही असते, पण निवड करणाऱ्याला त्यातून तू दिसत नाहीस. तू दिसतेस त्या मजुराजवळ, ज्युनिअरचा हात धरून थांबवताना. तिथून सुरू कर. ‘मे महिन्यातली दुपार होती. ४१.४ तापाचा, भान हरपत चाललेला मजूर आला. मी पॅरासिटामॉल थांबवलं आणि पाणी, पंखा, बर्फ सुरू केलं. निर्णय बरोबर होता. तो बरोबर का होता, ते मला सांगता आलं नाही.’ हे जसंच्या तसं लिही. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याला काय येत नाही हे जिला नेमकं माहीत आहे, तिला शिकवणं सोपं जातं, हे मी शिकवणारी म्हणून सांगते. पेशंटचं नाव, बेड नंबर, साइटचं ठिकाण मात्र पानावर येऊ देऊ नकोस.

आणि तुला टोचणाऱ्या त्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकते. साध्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅट, म्हणजे शरीराचं तापमान ठरवणारा भाग, वर सरकलेला असतो. जंतुसंसर्गामुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, ते मेंदूला सांगतं, तापमान वाढव. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, थर्मोस्टॅट खाली येतो, घाम सुटतो, ताप उतरतो. तुझ्या त्या मजुराला झाला तशा उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो. बाहेर ४५ अंश, डोक्यावर ऊन, अंगमेहनत, आणि शरीराला आतली उष्णता बाहेर टाकताच येत नाही. जे वर सरकलेलंच नाही ते औषध खाली काय आणणार? उलट त्या उष्णतेने लिव्हर आधीच सोसत असतं, त्यावर पॅरासिटामॉलचा भार कशाला. म्हणून उष्णता बाहेरूनच काढायची. अंगावर साध्या पाण्याचा फवारा आणि त्यावर पंख्याचा वारा, कारण पाणी उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातं. आपल्या कूलरचं तेच तत्त्व, अख्ख्या नागपूरला माहीत असलेलं. हे सगळं तू केलंसच. कोर्समध्ये ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं) आणि ॲडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी (औषधं कशी काम करतात) असे विषय आहेत, त्यात अशीच ‘का’ची उत्तरं आहेत, आणि ती मग पेशंटजवळ उभं राहून तपासायची.

आजपासून एक वही कर. ड्यूटी संपली की घरी निघण्याआधी दहा मिनिटं. आज कोणता निर्णय घेतला, का घेतला, काय कळलं नाही. तीन महिन्यांत मुलाखतीची तयारी आपोआप होईल.

मेट्रनबाईंचं म्हणणं वरवर सोडून देऊ नकोस. त्यांनी पाहिलं असेल तेच त्या बोलतात. नर्स प्रॅक्टिशनर असं पद सगळ्याच दवाखान्यांत नाही, आणि शिकून आलेली मुलगी पुन्हा जुन्याच रजिस्टरवर सही करताना मीही पाहिली आहे. म्हणूनच मालकांशी बोलताना पगार, रजा आणि बाँडच्या जोडीला चौथी गोष्ट विचार: परत आल्यावर माझं पद काय असेल? त्यांच्याकडे उत्तर नसेल तर दुसरा दवाखाना बघ, धंतोली-रामदासपेठेत आयसीयू कमी नाहीत. पण पद नाही म्हणून शिकायचंच नाही, हे मला पटत नाही. पद मागायला आधी माणसं तयार व्हावी लागतात.

मुलीचं सासूबाईंशी आणि नवऱ्याशी एकदा बसून बोल. दोन वर्षं म्हणजे किती नाइट, किती रविवार, ते कॅलेंडरवर मांडून दाखव. ‘सांभाळून घ्या’ एवढ्याने भागत नाही.

याच अंकासाठी कामठीच्या एका सिस्टरचं पत्र आलं आहे. त्यांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालं आहे, आयसीयूत आठ वर्षं आहेत. त्या विचारतात, मला हा कोर्स करता येईल का? ताई, थेट येणार नाही. आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागेल, दोन वर्षांचं. आठ वर्षांचा अनुभव वाया जात नाही, पण पदवी लागतेच. वय विचारात घेऊन ठरवा, आणि ठरलं तर थांबू नका.

मानेवाड्याच्या सिस्टर, पान लिहून झालं की मला पाठव. लाल पेनाने वाचीन, आणि आठ दिवसांत परत करीन.