काखेतले तापमान आणि थायरॉइडची गोळी

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे असून तीन वर्षांपासून मी थायरॉइडसाठी ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. आठ महिन्यांपूर्वी रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) २.८, म्हणजे मर्यादेत, आला होता. तरीही हल्ली थकवा फार जाणवतो, केस गळतात आणि थंडी सोसवत नाही. माझ्या नणंदबाईंचे म्हणणे असे की, रक्ततपासणीपेक्षा पहाटे अंथरुणातच काखेत थर्मामीटर लावून पाहावा आणि आकडा ९७.८ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर गोळी कमी पडते आहे असे समजावे. मी महिनाभराच्या नोंदी सोबत पाठवत आहे. त्यांतला एकही आकडा ९७.८ पर्यंत पोहोचलेला नाही. गोळी ७५ ची करावी का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : या नोंदींच्या आधारे गोळी वाढवू नये. मात्र आपल्या नणंदबाईंनी सांगितलेली गोष्ट अगदीच निराधार आहे असेही नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थायरॉइडचे संप्रेरक पेशींमधील ऊर्जेचा वापर, आणि त्याबरोबर शरीरात निर्माण होणारी उष्णता, वाढवते. ते फार कमी झाले तर माणसाला थंडी वाजते आणि अतिशय गंभीर, दुर्लक्षित रुग्णांत शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरते. अमेरिकेतील ब्रोडा बार्न्स या डॉक्टरांनी १९४२ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहून पहाटेचे काखेतील तापमान थायरॉइडच्या निदानासाठी वापरावे असे सुचवले, आणि ९७.८ ते ९८.२ ही सामान्य तापमानाची पट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या काळी श्वासावाटे किती प्राणवायू खर्च होतो हे मोजून चयापचयाचा अंदाज बांधावा लागे. टीएसएच रक्तात नेमका मोजण्याची सोय पुढे १९६० च्या दशकात झाली. त्यामुळे त्या वेळी थर्मामीटरचा आधार घेणे समजण्यासारखे होते, पण आज तोच आधार पहिला मानण्याचे कारण उरलेले नाही.

अडचण अशी की, तापमान कमी येण्याची कारणे अनेक आहेत. काखेतला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंशाने कमीच येतो आणि थायरॉइड उत्तम असलेल्या कित्येक माणसांचा तो ९७.८ च्या खाली असतो. अपुरी झोप, रात्रपाळी, कमी खाणे आणि वाढते वय यांमुळेही तो उतरतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास गेलेला असताना खिडकी उघडी ठेवून, हात पांघरुणाबाहेर काढून मोजले तर वेगळे काय होणार? डिजिटल थर्मामीटर ‘बीप’ वाजताच काढला तर काखेतील आकडा पुष्कळदा कमी दिसतो, कारण काख बंद केल्यावर तेथील त्वचा पुरती तापायला काही मिनिटे लागतात.

आता आपल्या नोंदींकडे येऊ. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत आकडे ९६.८ ते ९७.१ यांच्या दरम्यान आहेत, सतराव्या दिवसापासून ते ९७.५ च्या आसपास गेले आहेत आणि पुढची पाळी येईपर्यंत तेथेच राहिले आहेत. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे तापमान साधारण अर्धा अंश चढते. आपल्या वहीत तेच उमटले आहे. म्हणजे ही वही थायरॉइडपेक्षा मासिक चक्राबद्दल अधिक बोलते, आणि तसे पाहता समाधानकारक बोलते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावे असे बार्न्स यांनी सांगितले होते ते याच चढ-उतारामुळे. पण ऐकीव सल्ल्यात नेमका हा भाग गळून जातो. ‘दूध घेऊन आल्यावर मोजले’ असा शेरा असलेले रविवारचे दोन आकडे तर सोडूनच द्यावेत.

थकव्याचा शोध मात्र घ्यायला हवा. आठ महिन्यांपूर्वीचा टीएसएच आता जुना झाला. तो पुन्हा करावा, सोबत फ्री टी-४ (रक्तातील मोकळे थायरॉइड संप्रेरक) करावा आणि शक्यतो दर वेळी सकाळी त्याच सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त द्यावे. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व असते, ते काही तपासण्यांचे आकडे फिरवते. आपण ते घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे आणि रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायचे हे विचारून घ्यावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ यांची तपासणीही करावी, कारण पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या किंवा शाकाहारी स्त्रियांना याच कमतरतांमुळे थकवा येणे आपल्याकडे अतिशय नेहमीचे आहे.

आपण गोळी चहाबरोबर घेता आणि न्याहारीनंतर लगेच कॅल्शियम घेता, असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. मला तर सगळ्या पत्रात हीच ओळ महत्त्वाची वाटली. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-न्याहारी करू नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. नुसते एवढे पाळल्यानेही काही वेळा टीएसएच बदलतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी तो पुन्हा पाहून मगच डोसचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. या औषधाचा परिणाम शरीरात सावकाश स्थिरावतो. आज गोळी बदलून आठ दिवसांत थर्मामीटरकडून निकाल मागता येत नाही. शिवाय गरजेपेक्षा जास्त डोस दीर्घकाळ घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे हे धोके असतात. दिवस राहिल्याची शंका आली तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण गरोदरपणात डोसची गरज बहुधा वाढते.

प्रश्न : कपाळासमोर धरायचा बंदुकीसारखा थर्मामीटर घरी आहे. रोजच्या मोजणीसाठी तो चालेल का?
– एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : ताप आला आहे का हे पटकन पाहायला तो ठीक आहे, पण तो कपाळाच्या त्वचेची उष्णता मोजतो, आणि घाम, पंख्याचा वारा किंवा थोडे कमी-जास्त अंतर यांमुळे आकडा सहज बदलतो. अर्ध्या अंशाचा फरक टिपायचा असेल तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, रात्रीच उशाशी ठेवावा आणि उठण्यापूर्वी, बोलण्यापूर्वी, रोज ठरलेल्या वेळी जिभेखाली लावावा.